घरपट्टीचे भांडण वसुलीच्या वेळी नको, आकारणीच्या वेळी करा

फेब्रुवारी-मार्च आला की ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांची एकच धावपळ उडते. विस्तार अधिकारी ग्रामसेवकाच्या मागे, ग्रामसेवक शिपायाच्या मागे आणि शिपाई मागणी बिलांचा गठ्ठा घेऊन गावकऱ्यांच्या मागे. मग ओट्याओट्यावर दरवर्षीची तीच वाक्ये ऐकू येतात. "मागच्या साली पाचशे होती, यंदा आठशे कशी झाली?" "त्याचा दोन मजली बंगला, आन् त्याला माझ्याएवढीच पट्टी?" "आधी गटार काढा, मग पट्टी मागा."

हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. फक्त ते विचारण्याची वेळ चुकलेली असते. बिल हातात पडते तेव्हा कराचा आकडा केव्हाच ठरून गेलेला असतो. तो ठरतो आकारणी यादीत, म्हणजेच ज्याला आपण नमुना आठ म्हणतो त्या नोंदवहीत. शिपायाशी हुज्जत घालून त्यातला एक पैसाही कमी होत नाही, कारण तो अधिकार ना शिपायाला, ना एकट्या ग्रामसेवकाला. मात्र आकारणी यादी तयार होत असताना जो माणूस ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घरासमोरची ओळ वाचून येतो, त्याला पुढची चार वर्षे तक्रार करावी लागत नाही. दुर्दैवाने असा माणूस गावात शोधून सापडत नाही.

कर कशावर बसतो

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ नुसार ग्रामपंचायतीला इमारतींवर आणि शेतसारा नसलेल्या जमिनींवर कर बसवता येतो. याचा साधा अर्थ असा, की शेतजमिनीवर घरपट्टी नाही, पण शेतातल्या घरावर आहे. वस्तीवर, मळ्यात घर बांधले म्हणजे ग्रामपंचायतीच्या करातून सुटलो, असे समजणारे पुष्कळ आहेत. कायद्यात तशी सूट नाही. जमिनीला शेतसारा असो वा नसो, तिच्यावरची इमारत करपात्र आहे.

आकारणी कशी करायची हे १९६० च्या कर व फी नियमांत दिले आहे. पूर्वी घराच्या क्षेत्रफळावर म्हणजे चौरस फुटाला इतके, अशा हिशेबाने घरपट्टी बसत असे. पद्धत सोपी होती, पण रस्त्याकाठच्या मोक्याच्या जागेतले पाचशे फूट आणि गावाच्या टोकाला ओढ्याकाठचे पाचशे फूट एकाच मापाने मोजले जात. या पद्धतीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली गेली आणि अखेर ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने नियम बदलले. तेव्हापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते.

भांडवली मूल्य हा शब्द जड आहे, हिशेब मात्र चौथीच्या पोराला जमेल असा आहे. जागेचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, हा झाला पहिला आकडा. बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, हा दुसरा. दोन्हींची बेरीज करायची आणि घराचा वापर कशासाठी होतो त्यानुसार एका भारांकाने तिला गुणायचे. राहण्यासाठी असेल तर भारांक १, उद्योगासाठी १.२०, दुकान वा इतर व्यापारासाठी १.२५. जो आकडा येईल ते भांडवली मूल्य. त्यावर दर हजारी काही पैसे या हिशेबाने कर. मातीच्या घराला दर सर्वांत कमी आणि आर.सी.सी. घराला सर्वांत जास्त. शासनाने प्रत्येक प्रकाराला किमान आणि कमाल मर्यादा घालून दिली आहे. त्या मर्यादेत नेमका दर कोणता, हे ग्रामपंचायत ठरावाने ठरवते. जमिनीचे आणि बांधकामाचे दर मात्र ग्रामपंचायतीच्या हातात नाहीत. ते मुद्रांक विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातून, लोकांच्या भाषेत रेडीरेकनरमधून घ्यावे लागतात.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. समजा, जागा १०० चौरस मीटर आणि जमिनीचा दर मीटरला ५०० रुपये. म्हणजे ५० हजार. घर आर.सी.सी., ६० चौरस मीटर, बांधकामाचा दर मीटरला १५ हजार. घर जुने असल्याने घसारा जाऊन ८० टक्के किंमत धरली. ६० गुणिले १५ हजार म्हणजे ९ लाख, त्याचे ८० टक्के ७ लाख २० हजार. बेरीज ७ लाख ७० हजार. राहते घर, म्हणून भारांक १. दर हजारी १ रुपया २० पैसे धरला तर घरपट्टी झाली ९२४ रुपये.

याच घराच्या नोंदीत काय काय चुकू शकते ते पाहा. बांधकामाचे वर्ष लिहिलेच नाही आणि घर नवे धरले, तर घसारा मिळत नाही. मग पट्टी ११४० रुपये होते. मोजणी न करता अंदाजे ६० च्या जागी ८० मीटर लिहिले, तर १२१२ रुपये. पुढच्या खोलीत कधीकाळी किराणा दुकान होते म्हणून अख्ख्या घराचा वापर व्यापारी दाखवला, तर ११५५. आणि क्षेत्रफळ व वय या दोन्ही चुका एकत्र झाल्या तर थेट १५००. म्हणजे वर्षाला ५७६ रुपये जास्त, चार वर्षांत २३०४ रुपये. एवढ्या पैशांत दोन वर्षांची घरपट्टी भरून वर पैसे उरतात.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रेडीरेकनरमध्ये जमिनीचे भाव वाढले की घरपट्टी भडकणार, अशी ओरड होते. पण खेड्यात जमिनीचा वाटा किती? वर ७ लाख ७० हजारांत जमीन फक्त ५० हजारांची. बाकी सगळे बांधकाम. जमिनीचा भाव दुप्पट झाला तरी पट्टी ६० रुपयांनी वाढेल. तालुक्याच्या गावाला लागून असलेल्या किंवा हमरस्त्यावरच्या गावांची गोष्ट वेगळी, तिथे जमिनीचा दर खरेच अंगावर येतो. बाकीच्या गावांत रेडीरेकनरच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा आपल्या नोंदीत बांधकामाचे माप, प्रकार, वर्ष आणि वापर काय लिहिला आहे हे पाहणे फायद्याचे.

चार रकाने वाचा

नमुना आठचा उतारा काढून आणला की लोक आधी नाव बघतात आणि शेवटचा आकडा बघतात. मधले रकाने कुणी वाचत नाही. खरा मामला तिथेच आहे.

माप चौरस फुटात लिहिले आहे की मीटरमध्ये, हे पाहा. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. घोळ झाला तर केवढा होईल, याचा विचार करा. स्वतः टेप घेऊन घर मोजा, त्याला काही सरकारी मोजणीदार लागत नाही. अंगण, परसबाग, गुरांचा गोठा यांची नोंद घराच्या बांधकामात घुसडलेली नाही ना, हेही तपासा.

प्रकाराच्या बाबतीत घोटाळा होतो तो माती, दगड-विटा आणि आर.सी.सी. यांत. वर पत्रा असलेल्या विटांच्या घराला आर.सी.सी. लिहिले तर हजारी दरही वाढतो आणि बांधकामाचा दरही. घरकुल योजनेतून नवे घर बांधले, जुने मातीचे घर पाडले, पण नोंदवहीत दोन्ही जिवंत, असेही घडते. पावसाळ्यात पडलेल्या घरांचेही तेच. घर पडले हे साऱ्या गावाला माहीत असते, नोंदवहीला मात्र माहीत नसते. त्यासाठी लेखी अर्ज द्यावा लागतो आणि अर्जाची पोहोच घ्यावी लागते. तोंडी सांगितलेले ऑफिसात टिकत नाही.

बांधकामाचे वर्ष रिकामे असेल तर ते भरून घ्या. पुरावा म्हणून जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजजोडणीचा कागद, घरकुलाचा मंजुरी आदेश, जे असेल ते जोडा. वापराच्या रकान्यात एखादी खोली दुकानाला असेल तर तेवढे क्षेत्र वेगळे दाखवायला सांगा. दुकान बंद झाले असेल तर तसे लेखी कळवा.

बिलावर घरपट्टीशिवाय दिवाबत्ती, आरोग्य आणि पाण्याचे आकार असतात, तेही वेगवेगळे वाचावेत. सामान्य पाणीपट्टी वेगळी आणि घरात नळ असेल तर त्याची विशेष पाणीपट्टी वेगळी. नळ नसताना नळाची पट्टी लागली असेल तर ती घरपट्टीची वाढ नव्हे, ती सरळसरळ चूक आहे.

शेजाऱ्याच्या बंगल्याचे काय

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. दोन मजली बंगल्याला आणि साध्या घराला सारखीच पट्टी का? याचे उत्तर कायद्यात नाही, गावच्या राजकारणात आहे. बंगला २०१८ ला झाला, पण नोंदवहीत अजून जुनेच पत्र्याचे घर. नोंद करायला गेलेल्या ग्रामसेवकाला "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून चहा पाजून परत पाठवलेले. गावचा पुढारी, एखादा माजी सदस्य, कधी विद्यमानही. गरिबाच्या घरावर जास्तीची पट्टी बसते ती निष्काळजीपणाने, आणि मातब्बराच्या घरावर कमी बसते ती संगनमताने. दोन्हींचा भार शेवटी प्रामाणिकपणे भरणाऱ्यावरच येतो, कारण उत्पन्न पुरत नाही म्हणून हजारी दर वाढवण्याचा ठराव येतो आणि तो सर्वांना लागू होतो.

ज्या गावांत स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाण मोजून झाले, तिथे या लपवालपवीला थोडा आळा बसू शकतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात महाराष्ट्रातला पहिला प्रयोग झाला आणि पुढे ही योजना देशभर आली. प्रत्येक मिळकतीचा नकाशा आणि क्षेत्र आता कागदावर येत आहे. ग्रामपंचायतींनी आकारणी करताना मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र आणि नमुना आठमधले क्षेत्र समोरासमोर ठेवून पाहावे. जिथे फरक आहे तिथे प्रत्यक्ष जागेवर जावे. हे काम एका सरपंचाने एका कार्यकाळात नेटाने केले तर दर न वाढवता उत्पन्न वाढेल, यात शंका नाही. ते होत नाही, कारण वाढीव दराचा राग सगळ्यांत वाटला जातो आणि मोजणीचा राग नेमक्या चार घरांकडून येतो. ती चार घरे बहुधा मतांची असतात.

दाद कुठे मागायची

आकारणी यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. प्रारूप यादी तयार झाली की ग्रामपंचायतीने तशी नोटीस लावून हरकती मागवायच्या, त्यांवर सुनावणी घ्यायची आणि मगच यादी कायम करायची. नोटीस चावडीच्या फळ्यावर लागते, दवंडी कधी दिली जाते, कधी नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत देणे हा आपला हक्क आहे आणि तिथेच काम स्वस्तात होते. वकील लागत नाही, स्टॅम्प लागत नाही. एका कागदावर मिळकत क्रमांक, चुकीची नोंद काय, बरोबर काय आणि पुरावा काय, एवढे लिहिले की पुरे.

"पट्टी फार होते, गरीब माणूस आहे, कमी करावी" अशा हरकतीचा उपयोग होत नाही. गरिबी हा हरकतीचा मुद्दा होऊ शकत नाही, माप हा होतो. "क्षेत्र ८० मीटर नसून ६० मीटर आहे" म्हटले की ग्रामपंचायतीला उत्तर द्यावेच लागते.

ग्रामपंचायतीचा निर्णय मान्य नसेल तर कलम १२४ प्रमाणेच पंचायत समितीकडे अपील करता येते. त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे दुसरे अपील, आणि तिचा निर्णय अंतिम. अपील मुदतीत करावे लागते, म्हणून निर्णयाची प्रत हातात पडल्याची तारीख लिहून ठेवावी. मुंबईला किंवा मंत्र्यांच्या दारात निवेदने घेऊन जाण्याची गरज नाही. निवेदनाने फोटो छापून येतो, आकारणी बदलत नाही.

सवलती कोणत्या

सर्वांना लागू असलेली आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सवलत म्हणजे लवकर भरण्याची. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत चालू वर्षाची पट्टी भरली तर पाच टक्के सूट आहे. उलट वर्ष संपले, ३१ मार्च ओलांडला, की थकबाकीवर पाच टक्के दंड चढतो. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो सोयाबीन-कापूस निघाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढे. सप्टेंबरची मुदत शेतकऱ्याच्या सोयीची नाही, हे खरे. निदान दंड तरी टाळावा.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना २०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली घरपट्टीत माफी आहे. पूर्वी ही सूट शौर्यपदक विजेते वगैरे मोजक्यांपुरती होती, ती सरसकट झाली. माफी एकाच राहत्या घरापुरती मिळते आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा लागतो. आपोआप नाव वगळले जात नाही. कित्येक गावांत माजी सैनिक अजून पट्टी भरत आहेत, कारण त्यांना कुणी सांगितले नाही आणि ग्रामपंचायतीला सांगण्याची घाई नाही. माफी घरपट्टीची आहे, नळाच्या पाणीपट्टीची नाही, हेही लक्षात असू द्यावे.

जुन्या थकबाकीला अधूनमधून सरकारी सवलत येते. २०२५ च्या अखेरीस मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाच्या निमित्ताने राहत्या घरांच्या जुन्या थकबाकीत निम्मी सूट देण्याची मुभा ग्रामपंचायतींना देण्यात आली. अट अशी, की चालू वर्षाची पट्टी पूर्ण आणि थकबाकीचा उरलेला निम्मा हिस्सा मुदतीत भरायचा. अशा सवलतींना ठरावीक मुदत असते, म्हणून ग्रामपंचायतीत चौकशी करताना शासन निर्णयाची आणि आपल्या ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत मागावी. या सवलतीबद्दल एक मात्र सांगायला हवे. ज्याने दरवर्षी गहाण-उसनवार करून वेळेवर पट्टी भरली त्याला काय मिळाले? काही नाही. असे निर्णय वारंवार झाले तर वेळेवर भरणारा शहाणा नव्हे, वेडा ठरतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याने उलटी वाट धरली. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला गिरणीत दळण मोफत केले. सूट थकवणाऱ्याला नाही, भरणाऱ्याला. त्या गावाच्या वसुलीचे कौतुक सगळे करतात, तसे करायला फार थोडे धजतात.

कुक्कुटपालन आणि गोठ्यांच्या शेडवरील कराचा वाद बरीच वर्षे चालला आहे. शेडला व्यापारी वापर धरून पट्टी लावली की शेतकरी म्हणतो, हा तर शेतीचाच जोडधंदा. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा आधार घेऊन शेडधारकांनी आपल्या आकारणीचा फेरविचार मागावा आणि ग्रामपंचायतींनीही जुनी नोंद तशीच ओढत नेऊ नये.

न भरल्यास काय

बिल दिले, मुदत गेली, तरी पट्टी आली नाही तर कलम १२९ नुसार मागणीची नोटीस आणि त्यापुढे जंगम मालाची जप्ती करून विक्री, असा मार्ग आहे. प्रत्यक्षात जप्ती क्वचितच होते. आपल्याच भावकीतल्या माणसाची गाडी उचलायची कुणी? हल्ली थकबाकीची प्रकरणे राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात. कोर्टाची नोटीस आली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. तिथे तडजोडीने भरता येते, मात्र आकारणीच चुकीची आहे असा वाद तिथे घालून उपयोग नाही. तो वाद पंचायत समितीपुढचा.

गावच्या पुढाऱ्यांना जप्तीपेक्षा जास्त भीती असायला हवी ती कलम १४ ची. बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत पट्टी भरली नाही तर सदस्य अपात्र ठरतो. मग तो सरपंच असला तरी. विरोधी गट नमुना नऊ घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि काही शे रुपयांच्या थकबाकीवरून खुर्ची जाते. अशा प्रकरणांत सारा वाद एका मुद्द्यावर येऊन थांबतो, बिल रीतसर बजावले होते की नाही. ग्रामसेवकांनी, म्हणजे २०२४ पासूनच्या सरकारी भाषेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, बिल दिल्याची सही-अंगठ्यासह पोहोच जपून ठेवावी. "शिपायाने दारात टाकले" हे सुनावणीत टिकत नाही.

पट्टी भरली म्हणजे घर आपले झाले का

नाही. या बाबतीत खेड्यात फार मोठा गैरसमज आहे आणि त्यातून भाऊबंदकीची भांडणे उभी राहतात. नमुना आठ ही कराची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्यात मालकाचा आणि भोगवटादाराचा असे दोन रकाने असतात ते याचसाठी. गायरानात किंवा सरकारी जागेत घर असेल तर त्याला पट्टी लागते, पण वीस वर्षे पट्टी भरली म्हणून अतिक्रमण कायम होत नाही. त्याचप्रमाणे थोरल्या भावाच्या नावावर पट्टी आहे म्हणून धाकट्याचा हिस्सा बुडत नाही. लोक या उताऱ्याला 'आठ अ' म्हणतात, पण तलाठ्याकडचा आठ अ हा शेतजमिनीच्या खात्याचा. बँकेत आणि कोर्टात नेमका कोणता कागद मागितला आहे, ते आधी विचारून घ्यावे.

तरीही नाव नोंदवून घेणे महत्त्वाचे आहे. मयत वडिलांच्या नावावर पट्टी तशीच चालत राहिली तर बिल कुणाला बजावायचे, सवलत कुणी मागायची, हरकत कुणी घ्यायची, सगळेच अडते. वारसांनी नोंद करून घ्यावी. आणि २००३ च्या शासन निर्णयाने घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावता येते, याचा लाभ किती घरांनी घेतला हे ज्याने-त्याने आपल्या उताऱ्यावर पाहावे. त्याला खर्च काही येत नाही.

आधी गटार, मग पट्टी?

राहिला तिसरा प्रश्न. गावाला सुविधा नाहीत तर पट्टी कशाला? पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी गावांना मिळाला, त्यातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. वरून येणारा बहुतेक पैसा असाच बांधून येतो. दिव्याचा बल्ब गेला, पंपाची मोटर जळाली, शिपायाचा पगार थकला, ही कामे घरपट्टीच्या पैशांतून भागवावी लागतात. शिवाय या स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. दिव्यांगांची ती रक्कम गेल्या वर्षी कुणाला किती दिली, असा प्रश्न ग्रामसभेत विचारून बघा. सभा एकदम शांत होते. पट्टी भरल्याची पावती खिशात असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा जेवढा जोर असतो, तेवढा थकबाकीदाराला नसतो. त्याने तोंड उघडले की समोरून पहिले उत्तर ठरलेले असते, "आधी तुमची बाकी भरा."

प्रत्येक ग्रामपंचायतीत आकारणी यादीवर ती कोणत्या वर्षी झाली ते लिहिलेले असते. तुमच्या गावची यादी कोणत्या सालची आहे, एवढेच आधी विचारा. चार वर्षे संपली असतील तर नवी यादी कधी लागणार, हे येत्या ग्रामसभेत विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्या. संपायची असतील तर टेप, जुन्या पावत्या आणि घरकुलाचा कागद आतापासून एका पिशवीत घालून ठेवा.